व्हिडिओ पाहून इंग्रजी बोलता येईल का?

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात ‘स्पोकन इंग्लिश’ आता ‘ब्लेंडेड’ पद्धतीनं शिकवतात. काही तास वर्गात, काही मोबाइलवर. समोर माणूसच नसेल तर बोलायला कशी शिकणार?
– एक पालक, बार्शी

उत्तर : नुसते व्हिडिओ पाहून नाहीच शिकणार. पण नुसतं वर्गात बसून तरी आजवर कितीजण शिकले? हिशेब करा. तास ४८ मिनिटांचा, मुलं साठ. हजेरी आणि सरांचं बोलणं वजा केलं, तर उरलेल्या वीसेक मिनिटांत एकेकाच्या वाट्याला वीस सेकंद येतात. तेही पुढच्या बाकावरची चारजणं खातात.

२००७च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक, गैरहजर मुलांचं बुडू नये म्हणून धडे रेकॉर्ड करू लागले. व्याख्यान घरी ऐकलं की वर्गातला वेळ मोकळा होतो, हे त्यातूनच पुढे आलं. बोलण्याच्या इंग्रजीला हे रसायनशास्त्राहून जास्त लागू पडतं. नमुन्याचे संवाद घरी ऐकायचे, वर्गात जोड्या लावून बोलायचं. तीस जोड्या एकदम बोलल्या तर दहा मिनिटांत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. येऊ द्यावी.

मोबाइलचा खरा फायदा रेकॉर्डिंगमध्ये आहे. दोन मिनिटं बोलून सरांना पाठवायचं म्हटलं, की मुलं आधी स्वतःचं ऐकतात, नाक मुरडतात, पुसून पुन्हा बोलतात. सगळे हसतील म्हणून वर्गात गप्प बसणारी मुलगी इथे तेच वाक्य चारदा म्हणते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, हे फळ्यापेक्षा कानाला लवकर कळतं. अडचण शिक्षकाची : साठ रेकॉर्डिंग म्हणजे दोन तास नुसतं ऐकणं. म्हणून आठवड्याला पंधराजणांची पाळी लावावी आणि बहुतेकांत आढळणाऱ्या चुका पुढच्या तासाला घ्याव्यात.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१च्या टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. ‘चला, तेवढे तास वाचले’ असा त्याचा अर्थ कुणी लावला, तर मात्र सगळंच फसलं.

तेव्हा व्हिडिओ किती दाखवतात, हे कॉलेजला विचारत बसू नका. वर्गात ती स्वतः किती मिनिटं बोलते, ते मुलीलाच विचारा.