सुट्टीतले विद्यापीठ



उन्हाळ्याची सुट्टी हा आपल्या शैक्षणिक वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. त्याला पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही आणि शिक्षकही नाहीत. त्यामुळे या विषयात आपण सारेच दरवर्षी नापास होतो आणि त्याची खंत कोणालाच वाटत नाही. द्वितीय वर्षाची परीक्षा संपली तेव्हा मीही याच वाटेने निघाले होते. परंतु त्या सुट्टीत पुणे विद्यापीठाच्या परिसरात जाऊन अभ्यास करण्याचा योग आला. त्यातून जे शिकले ते आपल्यासमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे गाव शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे कांदा काढून चाळीत भरायचा असतो. घरात कुरडया, पापड, शेवया यांची गडबड असते आणि विहिरीचे पाणी तळाला जाते. अशा दिवसांत मुलीने अभ्यासाला पुण्याला जायचे म्हटल्यावर घरात काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकाल. शिवाय माझ्यासाठी एक स्थळही सांगून आले होते. अण्णा म्हणाले, “तिकडं जाऊन तुला काय मिळणार हाय? तिसऱ्या वर्षाचं काय ते सुट्टी संपल्यावर बघू.” शेवटी आई मध्ये पडली. मामा दौंडला राहतो. त्याच्याकडे राहून आठवड्यातून तीन दिवस रेल्वेने पुण्याला जायचे आणि उरलेले दिवस घरी काम करायचे, असा तोडगा निघाला.

आता मुख्य विषयाकडे वळते. सुट्टीत विद्यापीठात जाऊन करायचे काय? वर्ग बंद, वसतिगृहे निम्मी रिकामी, रस्त्यांवर फक्त गुलमोहराचा सडा. पण हीच अभ्यासाची वेळ आहे. गर्दी नसते आणि माणसांना आपल्याशी बोलायला सवड असते.

पहिली गोष्ट म्हणजे कागदपत्रे. पहिल्याच दिवशी मी एका ग्रंथालयाच्या दारातून परत आले, कारण माझ्याजवळ महाविद्यालयाचे पत्र नव्हते. दौंडहून पहाटेची गाडी पकडून, दीड-पावणेदोन तास प्रवास करून, पुणे स्टेशनवरून बसने गेलेली मी दारातच रडकुंडीला आले. तेथील शिपाईमामा म्हणाले, “ताई, पत्र आणा, मग कोणी अडवणार नाही.” म्हणून सांगते, परीक्षा संपण्याआधीच प्राचार्यांचे पत्र, ओळखपत्र आणि दोन फोटो तयार ठेवावेत. सुट्टीत वेळा बदलतात. त्या आधी विचारून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ग्रंथालयात ‘वाचायला’ जाऊ नये, एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधायला जावे. पहिले चार दिवस मी दिसेल ते पुस्तक उघडत होते आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर काही आठवत नव्हते. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका संशोधक ताईंनी माझी वही पाहिली आणि म्हणाल्या, “आधी एका ओळीत प्रश्न लिही. तो लिहिता येत नसेल तर आज वाचू नकोस.” मी खूप विचार करून लिहिले : ‘आमच्या घोड नदीकाठी सर्वांत आधी कोण राहत होते?’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, “याचं उत्तर तर छापलेलं आहे!”

ते उत्तर म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यातल्या या गावी घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तिचे तीन कालखंड पाडले आहेत : माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे सापडले. हे लोक जव पिकवीत, गुरे पाळीत, तांबडी भांडी घडवून त्यांवर काळ्या रंगाने नक्षी काढीत. लहान मूल वारले तर दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. एका चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीतील पुरुषाचा सांगाडा मिळाला. तो वस्तीच्या प्रमुखाचा असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी पाटही खणला होता.

मला मात्र शेवटचा कालखंड सर्वांत जास्त चटका लावून गेला. उत्तर जोर्वे काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शिकारीवरचा भर वाढला आणि अखेर इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. पाऊसमान घटले, दुष्काळ पडू लागले, हे त्याचे कारण डॉ. ढवळीकरांनी मांडले आहे. ज्या पट्ट्यात आज आम्ही टँकरची वाट पाहतो, त्याच पट्ट्यात तीन हजार वर्षांपूर्वीही माणसे आभाळाकडे पाहत होती, हे वाचून मी बराच वेळ पान उलटले नाही.

कोणी म्हणेल, हे सारे मोबाईलवर मिळते. काही अंशी मिळतेही. परंतु मोबाईलवर आपण मागू तेवढेच समोर येते. कपाटापाशी एक पुस्तक शोधताना त्याच्या शेजारची दोन सापडतात आणि पुष्कळदा कामाचे असते ते शेजारचेच.

तिसरी गोष्ट टिपणांची. वहीत सलग उतरवून घेण्यापेक्षा सुट्या कार्डांवर टिपणे घ्यावीत. एका कार्डावर एकच मुद्दा, वर लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान. मजकूर शक्यतो स्वतःच्या शब्दांत लिहावा. आपल्या शब्दांत लिहिता आले नाही तर समजावे की कळलेले नाही.

चौथी गोष्ट वेळेच्या हिशेबाची. आठवड्यातून तीन दिवस, असे सात आठवडे. म्हणजे २१ दिवस. रोजचे चार तास धरले तर ८४ तास होतात. चार श्रेयांकांच्या एका विषयाला वर्गात ६० तास असतात. म्हणजे निम्मी सुट्टी घरच्या कामाला देऊनही एका विषयापेक्षा जास्त अभ्यास होतो. सुट्टी कमी पडते ही आपली तक्रार खरी नाही.

पाचवी गोष्ट अशी की, परिसर हेसुद्धा एक पुस्तक आहे. दुपारी भाकरी खाऊन झाली की मी झाडांच्या सावलीतून फिरत असे. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर, २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. मुख्य इमारत मात्र त्याहून बरीच जुनी. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरसाठी ती १८६४ मध्ये बांधायला घेतली आणि १८७१ मध्ये पुरी झाली. साहेब उन्हाळा महाबळेश्वरला काढीत आणि पावसाळ्यात येथे येत. ज्या ऋतूत साहेबांनी ही जागा टाळली त्याच ऋतूत आपण तेथे जायचे, यातही एक गंमत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच वास्तूत झाला आणि तेथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. याच परिसराजवळ ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. आणि पुढे दोन महिन्यांच्या आत शिरूरच्या छावणीतून निघालेल्या इंग्रजी तुकडीची १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. आपले शिरूर इतिहासात असे पदोपदी भेटते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील ‘आयुका’ ही संस्थाही जरूर पाहावी. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ साली ती उभी राहिली. आकाशाचा अभ्यास फक्त विज्ञानवाल्यांनीच करावा असे थोडेच आहे?

शेवटची गोष्ट. जे मिळवले ते गावी परत न्यावे. सुट्टी संपताना एका रात्री मी अंगणात माझी कार्डे मांडली आणि अण्णांना सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, “आपल्या नदीचं तुला पुण्यात जाऊन कळलं व्हय?” मग जरा वेळाने म्हणाले, “खालच्या वावरात नांगराला खापरं लागत्यात. नक्षीची. ल्हानपणी आम्ही ती नदीत भिरकवायचो.” दुसऱ्या दिवशी ते मला वावरात घेऊन गेले. दोन खापऱ्या सापडल्या. त्या जोर्वेकालीन आहेत की आजीच्या फुटलेल्या माठाच्या, हे मला सांगता येत नाही. संशोधक ताईंच्या सांगण्यावरून मी काही उकरले नाही. जागा टिपून ठेवली, फोटो काढले आणि खापऱ्या होत्या तेथेच ठेवल्या. हे तज्ज्ञांना दाखवायचे, असे आमचे ठरले आहे.

वावरातून परत येताना अण्णांनी विचारले, “तिसऱ्या वर्षाची फी भरायची शेवटची तारीख कवा हाय?” स्थळाचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. सध्या मी तृतीय वर्षात, इतिहास विशेष विषय घेऊन शिकते आहे.

मित्रमैत्रिणींनो, प्रत्येकाला अण्णांसारखे वडील आणि दौंडचा मामा मिळेलच असे नाही, याची मला जाणीव आहे. रांजणगावच्या कारखान्यांत सुट्टीभर काम करून वर्षाची फी जमवणारे मित्र आपल्याच वर्गात आहेत. त्यांना मी काय उपदेश करणार? मात्र आठवड्यातला एक दिवस जरी मोकळा मिळत असला, तरी एक प्रश्न एका ओळीत लिहावा आणि पत्र खिशात घालून निघावे. आपल्या प्राध्यापकांनाही नम्र विनंती आहे की, ही पत्रे त्यांनी परीक्षेच्या आधीच वर्गात वाटावीत. तेवढ्याने पुष्कळांचा पहिला फेरा वाचेल.