बिएईची शेते आणि प्रवाशांची पाऊले

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर बिएई नावाचे गाव आहे. असंख्य प्रवासी तेथे जातात, ते प्रामुख्याने शेते पाहण्यासाठी. लाटांप्रमाणे पसरलेल्या टेकड्यांवर पिकलेल्या गव्हाचा सोनेरी, बटाट्याच्या फुलांचा पांढरा आणि बीटाच्या पानांचा गर्द हिरवा असे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. जणू कोणी गोधडीच अंथरली आहे.

ही गोधडी शोभेसाठी शिवलेली नव्हे. एकाच जमिनीत सतत तेच पीक घेतल्यास रोग व कीड तेथे घर करतात. म्हणून तेथील शेतकरी गहू, बटाटे, बीट व कडधान्ये यांची फेरपालट करतो. आपल्याकडील शेतकरी पुढील पिकासाठी बेवड पाहतो, तसाच हा विचार. साहजिकच यंदाचे चित्र पुढील वर्षी पुन्हा दिसत नाही.

छायाचित्रकार माएदा शिन्झो यांच्या चित्रांमुळे या टेकड्यांची कीर्ती पसरली. १९८७ साली त्यांनी आपले चित्रदालन उघडले ते बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेच्या जागेत, ही गोष्ट शिक्षकांनी अवश्य सांगावी.

कीर्तीबरोबर गर्दी आली. चित्र टिपण्यासाठी प्रवासी बांध ओलांडून शेतात शिरू लागले. पीक तुडवले जाते, हे तर उघडच आहे. परंतु खरे भय बुटाला चिकटलेल्या मातीचे. बटाट्याच्या मुळांवर जगणारी एक सूत्रकृमी अशा मातीतून पसरते. तिची अंडी कवचात दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. जपानात ती प्रथम आढळली, तीही होक्काइदोतच, १९७२ साली. हिवाळ्यात बर्फाखाली गव्हाची रोपे असतात, पण परक्या माणसास ते मोकळे मैदान भासते.

एका शेतात किंचित झुकलेला एक पॉप्लर वृक्ष होता. लोक त्यास ‘तत्त्वज्ञानाचा वृक्ष’ म्हणत. झाड जीर्ण झाले होते आणि विनवण्या करूनही लोक शेतात शिरत. अखेर फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकाने ते पाडले. जानेवारी २०२५ मध्ये रस्त्याकाठची सुमारे चाळीस भूर्जांची रांगही तोडण्यात आली. गर्दीचा उपद्रव होताच, शिवाय सावलीने पीक खुरटत होते. ज्याचे पोट शेतावर आहे, त्यास दोष कसा द्यावा?

पाठानंतर विद्यार्थ्यांनी गावातील एका शेतकऱ्यास त्याच्या एकाच शेतातील गेल्या तीन वर्षांची पिके विचारावीत, आणि त्या शेताची तीन चित्रे निरनिराळ्या रंगांत काढावीत. शेताकडे जाताना पाऊलवाटेनेच जावे.