आकडा राहू द्या, आधी प्रश्न टाकून बघा

डेटाबेस विकायला आलेला माणूस आधी आकडा सांगतो. इतकी हजार नियतकालिकं, इतके लाख लेख, वर ई-बुक्स फुकट. ग्रंथालय समितीतल्या माना हलतात, प्राचार्य कोटेशन मागवतात, आणि मूल्यांकनासाठी 'नॅक'ची भेट तोंडावर असेल तर सही व्हायला फारसा वेळ लागत नाही. आमच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा असा एक करार आधीच झालेला होता. पुरवठादाराचं नाव सांगत नाही. तसे पुष्कळ आहेत.

पॅकेजमध्ये नेमकं काय आहे हे कळायला एकच मार्ग असतो, तो म्हणजे त्यांच्याकडून नियतकालिकांची एक्सेल यादी मागवणं. ती लगेच मिळत नाही, चिकाटीने मागावी लागते. आमच्याकडे आलेल्या यादीत व्यवस्थापन, फार्मसी, अभियांत्रिकी यांचीच गर्दी होती. शिक्षणाची नावं वेगळी काढली तेव्हा त्यांतली बरीचशी मुक्त प्रवेशाची निघाली, म्हणजे घरबसल्या कुणालाही फुकट वाचता येणारी. अमेरिकी शिक्षण विभागाचा 'एरिक' हा डेटाबेसही आकड्यात धरलेला. एरिक सगळ्या जगाला मोफत आहे. काही व्यापारी कंपन्या तो आपल्या मंचावरूनही दाखवतात, आणि त्यात गैर काही नाही, पण त्याचे पैसे मोजतोय असं समितीला वाटायला नको होतं. राहिलेल्यांपैकी काही नियतकालिकांवर एम्बार्गो, म्हणजे ताजा अंक वर्षभर फक्त सारांशापुरता. काहींचा पूर्ण मजकूर मध्येच कधीतरी थांबलेला, नाव मात्र यादीत टिकून. म्हणून यादी हातात आली की पहिल्या रकान्यातली नावं वाचण्याआधी 'पूर्ण मजकूर कधीपासून कधीपर्यंत' हा रकाना वाचा.

एवढ्यावर भागलं असतं तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच पॅकेजच्या भरवशावर आमच्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहिला. ती जव्हारकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका. विषय असा : घरी वारली बोलणारी मुलं पहिली-दुसरीत मराठी वाचायला कशी शिकतात. तिने शोधखिडकीत 'ट्रायबल एज्युकेशन' आणि 'इंडियन' असे शब्द टाकले, आणि पानंच्या पानं भरून आली ती नावाहो मुलांच्या शाळांनी. अमेरिकेत 'इंडियन एज्युकेशन' म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं शिक्षण. 1972 साली त्या नावाचा कायदाही झाला आहे. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. तिने मात्र त्यावरून लिहिलं, 'या विषयावर भारतात संशोधन झालेले आढळत नाही.' गाइड सरांनी सही केली. विद्यापीठाच्या संशोधन समितीच्या, म्हणजे आरआरसीच्या, बैठकीत एका तज्ज्ञ बाईंनी एवढंच विचारलं, "मग कोसबाडचं काय?"

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या चालवल्या, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. जव्हारच्या शिक्षिकेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते 'संशोधन' या खात्यात येतं, हे तिला पडद्यावर कुठेच दिसलं नव्हतं. सिनॉप्सिस परत आला.

त्यानंतर आम्ही दोघी नव्याने बसलो. आधी एरिकच, पण नीट. तिथे शब्दकोश आहे, 'थिसॉरस' नावाचा. प्रत्येक नोंदीला त्यातलेच ठरलेले विषयशब्द लावलेले असतात. आपण 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' म्हणतो, तिथे 'लँग्वेज ऑफ इन्स्ट्रक्शन' आहे. आपली 'मदर टंग' तिथे 'नेटिव्ह लँग्वेज'. हे दोन शब्द आणि 'इंडिया' हा देश एकत्र लावल्यावर नावाहो मंडळी बाजूला झाली. नोंदीच्या क्रमांकावरही नजर ठेवा : 'ईजे'ने सुरू होतो तो नियतकालिकातला लेख, 'ईडी'ने सुरू होतो तो अहवाल, परिषदेतला निबंध किंवा असंच काही. ईडी म्हणजे कमअस्सल असं नाही, पण त्याला समीक्षकाची चाळणी लागली आहे असं धरून चालू नये. 'पीअर रिव्ह्यूड'च्या चौकटीत खूण केली की बहुतेक अहवाल दिसेनासे होतात, आणि आपल्या विषयात कामाचं पुष्कळदा तेच असतं. म्हणून मी ती खूण शेवटी करायला सांगते.

तरीही एरिकचा जीव अमेरिकी आहे. जव्हारच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून किती मागायचं?

खरी खाण शोधगंगेत सापडली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत, मराठीत लिहिलेलेही. पण शोधगंगेत शोधणं हा वेगळाच व्याप. एकाच विषयाची शीर्षकं कुणी देवनागरीत चढवली आहेत, कुणी रोमनमध्ये, कुणी इंग्रजी भाषांतर करून. 'आश्रमशाळा', 'आश्रम शाळा', रोमनमधली 'आश्रमशाला' आणि 'आश्रम स्कूल' असं सगळं वेगवेगळं टाकून बघावं लागतं. जुन्या मराठी प्रबंधांची दुसरी गंमत अशी की ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असतात, नाहीतर नुसते स्कॅन केलेले. पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ दाबून 'वारली' शोधलं तर काहीच मिळत नाही, आणि शब्द पानावर समोर दिसत असतो. तिथे अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावं. आढाव्याच्या प्रकरणात मागच्या संशोधकाने कुणाकुणाची नावं घेतली आहेत ती उतरवून घ्यावीत; त्या नावांवरून पुढचे चार प्रबंध मिळतात.

शोधगंगेच्या आधीचा काळ हवा असेल तर बुचसाहेबांचे सर्व्हे. एम. बी. बुच यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून 1974 मध्ये भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला सर्व्हे काढला, आणि पुढचे खंड येत गेले. पाचवा 1988 ते 1992 या वर्षांचा. जाडजूड, धुळीचे, कपाटाच्या तळाशी. जुन्या शिक्षण महाविद्यालयांत ते असतात, फक्त मागायला कुणी येत नाही. एनसीईआरटीची 'इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू' आणि 'जर्नल ऑफ इंडियन एज्युकेशन' संकेतस्थळावर मोफत आहेत. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे जुने अंक जेस्टोरवर मिळतात. आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. तिथले अहवाल मला कुठल्याही विकाऊ पॅकेजमध्ये दिसलेले नाहीत. 'शिक्षण आणि समाज', 'जीवन शिक्षण', 'शिक्षण संक्रमण' यांसारख्या मराठी नियतकालिकांचंही तेच. त्यांच्यासाठी उठून जावं लागतं.

गूगल स्कॉलरबद्दल विचारतात. वापरा, पण त्यात काय आहे आणि काय नाही याची यादी कुठेच मिळत नाही, आणि एका शोधाचे हजारापुढचे निकाल ते दाखवत नाही. धागा सापडायला उत्तम, 'सगळं पाहिलं' म्हणायला कुचकामी. स्कोपस या व्यापारी डेटाबेसमध्ये नसलेला लेख संशोधनच नव्हे, असं मानणाऱ्या गाइडशी वाद घालण्यात माझा बराच वेळ गेला आहे. यूजीसीची 'केअर' यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, तर डेटाबेस कधी नव्हतीच; 2025 मध्ये यूजीसीने ती बंदही केली, तरी मुलं अजून तिच्यात लेख शोधायला येतात.

विकत घ्यायचंच असेल तर माझी पद्धत सांगते. ट्रायल मागा, आणि ती परीक्षेच्या धामधुमीत नको म्हणून सांगा. आपल्याच विद्यार्थ्यांचे खरे विषय घ्या, आणि आपल्या प्राध्यापकांना चांगले म्हणून ठाऊक असलेले काही लेख ठरवून ते सापडतात का, सापडले तर पूर्ण उघडतात का ते बघा. कॉलेजच्या आवारात बघू नका, घरून बघा. आमच्या जव्हारच्या शिक्षिकेला पॅकेज आवारातल्या आयपीवरच चालत होतं; ती आवारात यायची सुटीत, आणि सुटीत ग्रंथालय बंद. रिमोट लॉगिन नसेल तर बी.एड.-एम.एड. आणि नोकरी करून पीएच.डी. करणाऱ्यांसाठी तो डेटाबेस नसल्यासारखाच. करार संपल्यावर आधीच्या वर्षांचे अंक वाचता येतील का, हेही लेखी घ्या. बहुधा उत्तर नाही असं येतं.

विषय शैक्षणिक मानसशास्त्राचा असेल, परीक्षेची भीती, अध्ययनप्रेरणा वगैरे, तर 'सायकइन्फो'साठी पैसे मोजणं मला पटतं. पण त्यात मुख्यतः सारांश मिळतात, पूर्ण लेख वेगळे मिळवावे लागतात, हे घेण्याआधी समितीला सांगून ठेवा.

1 जानेवारी 2025 पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली : 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. तुमची संस्था सरकारी असेल तर खिशात हात घालण्याआधी त्यात काय मिळतं ते तपासा. विनाअनुदानित शिक्षण महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिली, आणि आकडे सांगणारी माणसं नेमकी त्यांच्याच दारात जास्त येतात.

आम्ही तो करार पुढे वाढवला नाही. नॅकच्या अर्जाचं काय, असं समितीत विचारलं गेलंच. अर्जातल्या ई-साधनांच्या रकान्यात शोधगंगेचं सदस्यत्वही चालतं, हे दाखवल्यावर विषय मिटला. जव्हारच्या शिक्षिकेचा सिनॉप्सिस मंजूर झाला. त्यातलं जुनं वाक्य जाऊन आता कोणत्या तारखेला, कुठल्या डेटाबेसमध्ये, कोणते शब्द टाकून शोधलं याचा एक तक्ता आहे, आणि नोंदी न सापडलेले शब्दही त्यात लिहिलेले आहेत. तारीख घालायचा आग्रह माझा. 2025 मध्ये अमेरिकी सरकारने एरिकचा निधी कापला आणि त्यात भर पडणारी नियतकालिकं कमी झाली. गेल्या वर्षीचा शोध आणि यंदाचा शोध एकच आहे असं आता कुणाला म्हणता यायचं नाही.