ट्रॉयच्या बायका नाकाडोंगरीत

ग्रीक पुराणातल्या स्त्रियांवरच्या नव्या कादंबऱ्या मी इथे नाकाडोंगरीत बसून वाचते आणि गावातल्या बायकांना मराठीतून सांगते. त्यातून जे उमगलं ते असं:

१. मूळ कथा आधी वाचावी. ‘इलियड’मध्ये अकिलीस आणि अ‍ॅगमेम्नॉन यांचं भांडण पेटतं ते ब्रिसीसवरून, युद्धात लुटून आणलेल्या बाईवरून. एवढ्या मोठ्या महाकाव्यात ती स्वतः बोलते फक्त एकदा, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी. हे ठाऊक असलं की पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) अंगावर येते. ज्याने नवरा आणि भाऊ मारले, त्याच्याच तंबूत दिवस काढणारी ब्रिसीस तिथे आपली हकीकत स्वतः सांगते.

२. ऐकणारीला कमी लेखू नये. रोवणा आटोपल्यावर एका संध्याकाळी मी पेनेलोपीची गोष्ट काढली. वीस वर्षं नवऱ्याची वाट पाहणारी, दिवसा विणलेलं रात्री उसवून टाकणारी ही राणी बायकांना लगेच आपली वाटली. ओडिसियस परततो आणि बारा दासींना फासावर लटकवलं जातं, इथे मी आले तशी एक मजूर बाई म्हणाली, “पण त्या पोरींचं काय चुकलं होतं जी?” मार्गारेट अ‍ॅटवुडने ‘पेनेलोपिअड’ (२००५) मध्ये त्याच दासींना बोलतं केलंय. ते मी अजून सांगितलंही नव्हतं!

३. बाईच्या तोंडी निवेदन दिलं म्हणजे तिला न्याय मिळाला असं नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) देवयानी स्वतः बोलते, तरी लेखकाची माया शर्मिष्ठेकडेच जाते.

४. नायिकेला निर्दोष करू नये. मॅडलिन मिलरची सर्सी मत्सरापोटी स्किलाला राक्षसीण करून टाकते आणि तो सल जन्मभर वागवते. म्हणून ती खरी वाटते. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ ही कादंबरी नव्हे, पण गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून माणसांत आणण्याचं काम त्यांनी ज्या निर्भयपणे केलं, त्या तोडीचं या इंग्रजी पुस्तकांत मला क्वचितच सापडलं.

५. आपल्या बायांनी हे जात्यावर कधीच सुरू केलं होतं. सीतेचा वनवास ओव्यांतून किती जणींनी आपला म्हणून गायला! यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीला तर सीतेचं स्वतंत्र देऊळ आहे. टाकलेल्या सीतेला गावाने मूठभर गहू नाकारले, अशी तिथली आख्यायिका.

६. पुढची पाळी मेडियाची. आधी युरिपिडीसची सांगेन, जी स्वतःची मुलं मारते. मग क्रिस्टा वोल्फची (१९९६), जिच्या मुलांना कोरिंथचे लोक मारतात आणि आळ तिच्यावर घालतात. मेडिया जादूटोणा जाणणारी, परक्या मुलखातून आलेली. अशा बाईवर आळ कसा येतो, हे आमच्या झाडीपट्टीत कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.