श्रवणचाचणीच्या नोंदी : शून्य आणि रिकामा रकाना

आपल्या रुग्णालयातील श्रवणचाचण्यांच्या नोंदी आता भाडेतत्त्वावर घेतलेल्या दूरस्थ सर्व्हरवर ठेवल्या जातात. अहवालासाठी त्या कशा काढाव्यात व वाचाव्यात, याची रीत देणगीदार, विश्वस्त व पालक यांच्या माहितीसाठी येथे देत आहे.

प्रथम, मूळ नोंदींना हात लावू नये. केवळ वाचनाची परवानगी असलेल्या खात्यातून प्रत उतरवून घ्यावी आणि नाव, पत्ता, दूरध्वनी वगळून सांकेतिक क्रमांक ठेवावा. त्याच क्रमांकाने रुग्णांचा व चाचण्यांचा तक्ता जोडावा. एका बालकाची तीनदा चाचणी झाली असल्यास तीन ओळी येतात. ती तीन बालके नव्हेत. शेवटी सर्व्हरवरील व प्रतीतील ओळींच्या संख्येचा मेळ घालावा.

आता मुख्य मुद्दा. हिशेबात शून्य म्हणजे काही नाही. श्रवणचाचणीत शून्य डेसिबल म्हणजे उत्तम श्रवणशक्ती. यंत्राच्या कमाल आवाजालाही प्रतिसाद न मिळाल्याने रिकामे राहिलेले रकाने माझ्याकडून, वाणिज्य शाखेच्या सवयीने, शून्याने भरले गेले. उदाहरणार्थ, 500, 1000 व 2000 हर्ट्‌झला अनुक्रमे 70, 80 व 90 डेसिबल आणि 4000 हर्ट्‌झला 120 डेसिबललाही प्रतिसाद नाही. शून्य धरल्यास सरासरी 60 येते. वस्तुतः ती 90 पेक्षा अधिक आहे. रकाना वगळला तरी 80 च येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असल्यास एक वर्ग आणि 70 डेसिबल असल्यास कर्णबधिर हा दुसरा वर्ग आहे. म्हणजेच ज्या बालकाला सर्वाधिक मदतीची निकड, तेच कागदावर सुस्थितीत दिसते. आणि श्रवणयंत्रांसाठीचा निधी तर याच सारणीवरून मागितला जातो. आमच्या श्रवणतज्ज्ञांनी यादी वाचताच ही चूक दाखविली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्यानंतर ‘शून्य डेसिबल’, ‘प्रतिसाद नाही’ व ‘चाचणी झाली नाही’ अशा तीन स्वतंत्र नोंदी ठेवून सारणी नव्याने केली.

मागील वर्षांशी तुलना करतानाही सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सामान्य श्रवणाची मर्यादा 25 वरून 20 डेसिबलवर आणली. जुन्या नोंदींना नवे माप लावल्याखेरीज वाढ वा घट सांगू नये.

विश्वस्तांनी सारणीतील ‘चाचणी झाली नाही’ हा रकाना आधी पाहावा, ही विनंती. त्या बालकांना पुन्हा बोलावणे आमचे कर्तव्य आहे. पालकांनी येताना जुना ऑडिओग्राम अवश्य आणावा.