सर्पगंधा व पांढरी मुसळी : दोन दुर्मिळ वनौषधी

नागपुरात धरमपेठेसारख्या वस्तीतील औषधी दुकानांत सर्पगंधाच्या गोळ्या व पांढऱ्या मुसळीचे चूर्ण मिळते. रानात मात्र या दोन्ही वनस्पती विरळ होत चालल्या आहेत. दोहोंचा औषधी भाग जमिनीखाली असतो व तो बेसुमार खणला जातो, हे त्याचे मुख्य कारण होय. तथापि दोहोंची वाढ निराळी असल्याने रक्षणाची रीतही निराळी आहे.

सर्पगंधा : हे हात-दीड हात उंचीचे बहुवर्षायू झुडूप होय. पेऱ्यावर बहुधा तीन पाने वर्तुळाकार येतात. फुले पांढरी, त्यांचे देठ तांबडे व पिकलेली फळे काळसर जांभळी असतात. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रिसर्पिन वेगळे करण्यात आले आणि मागणी फार वाढली. १९९० पासून तिचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे.

मूळ उपटले की झुडूप संपते. म्हणून फळे पिकून बी पडण्यापूर्वी खोदाई करू नये व काही झुडपे बियांसाठी राखावीत. बी पुष्कळदा पोकळ असते. ते पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावे. लागवडीत मुळे दोन ते तीन वर्षांनी, हिवाळ्यात काढावीत. मुळांची साल खरवडू नये. औषधी द्रव्य मुख्यतः सालीतच असते.

पांढरी मुसळी : ही झुडूप नसून कंदवर्गीय वनस्पती आहे. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचे नाव आहे. पावसाळ्यात गवतासारखी पाने व पांढरी फुले येतात. पुढे पाने वाळून जातात. खरी अडचण येथेच आहे. पाने हिरवी असताना झाड सापडते, पण तेव्हा मुळ्या कोवळ्या असतात. यास्तव पावसाळ्यात जागेवर खुंटी रोवून खूण करावी व पाने वाळून मुळ्यांची साल तपकिरी झाल्यावरच खणावे. माथ्याची चकती काही मुळ्यांसह पुन्हा मातीत पुरावी. चकतीचा भाग नसलेली सुटी मुळी उगवत नाही.

वन हक्क कायदा, २००६ अन्वये पात्र वनवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क आहे. वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेस आहे. ग्रामसेवकांनी खोदाईचा हंगाम ग्रामसभेत ठरवून घ्यावा. सर्पगंधाचे बी राखले व मुसळीची चकती मातीत परत गेली, तरच पुढील वर्षीही रानातून उत्पन्न मिळेल.