समतल कापणीचे रहस्य

कापडावरील लव छाटणारे यंत्र पाहून इंग्लंडातील एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र बनविले व १८३० साली त्याचे पेटंट घेतले. आज वर बसून चालविण्याची यंत्रेही आहेत. त्यांची पाती खालच्या लोखंडी आवरणात फिरतात. या आवरणास ‘डेक’ म्हणतात. डेक एका बाजूस कलला की हिरवळीवर पायऱ्या उमटतात आणि खालच्या बाजूचे गवत मुळाशी छाटले जाऊन वाळते.

आपल्या धार-देवासकडील काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून हिरवळीवर घेतलेले माप भरवशाचे नसते. यंत्र फरसबंद सपाट जागी उभे करावे. प्रथम टायरांतील हवा तपासावी. एका टायरात ती कमी असल्यास निर्दोष डेकही तिरका दिसतो.

नंतर इंजिन बंद करून किल्ली काढावी, स्पार्क प्लगची तार सोडवावी आणि जाड हातमोजे घालूनच पात्यास हात लावावा. येथे घाई केल्यास बोटे गमावण्याची वेळ येते.

पाते आडवे फिरवून डाव्या व उजव्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी. फरक ३ मिलिमीटरांहून अधिक असल्यास, डेक ज्या सळयांवर टांगलेला असतो त्यांची नटे फिरवून तो दूर करावा. मग पाते पुढे-मागे वळवावे. पुढचे टोक सामान्यतः ३ ते ६ मिलिमीटर खाली असावे. म्हणजे एकदा कापलेल्या गवतावर मागचे टोक घासत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत निराळे माप असल्यास तेच प्रमाण मानावे.

सारांश, पात्यास दोष देण्यापूर्वी पाया तपासावा. हा धडा केवळ यंत्रापुरता नाही.